आमच्या ब्रूनोची केस

हल्ली मला अनोळखी नंबरावरून फोन येतात. कधी मालवणहून, कधी देवगडहून, एकदा तर थेट गुहागरहून. घाटावरून नाहीतर मुंबईहून हौसेने पिल्लू आणलेलं असतं, दोन दिवसांत ते आडवं पडलेलं असतं आणि विकणारा फोन उचलत नसतो. "ताई, बिलच दिलं नाही त्यांनी, आता काय करणार?" हा पहिला प्रश्न. दुसरा, जरा आवाज खाली आणून, "कुत्र्याची केस घेतात का हो?"

घेतात. आमची घेतली. ओरोसला, सिंधुदुर्गनगरीत, जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात. ती कशी चालली ते एकदा सविस्तर लिहून टाकते, म्हणजे दर वेळी फोनवर तेच दळण नको.

आम्ही वेंगुर्ला तालुक्यातले. हापूसची कलमं, थोडी काजू, आणि माकडांचा भरपूर उपद्रव. ह्यांना बागेसाठी गावठी कुत्रा हवा होता, लेकाला लॅब्राडोर. लॅब्राडोर माकडाच्या मागे लागत नाही, माकडाने टाकलेला आंबा खाऊन येतो, हे आता कळलंय. पण तेव्हा लेकाचं मत पडलं. घाटावरच्या एका शहरातल्या ब्रीडरचे व्हिडिओ त्याने पाहिले होते. व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणी झाली. "दोन महिन्यांचं आहे, एकदम हेल्दी, पहिलं व्हॅक्सिन झालंय." किंमत चोवीस हजार. केनेल क्लबचे कागद हवे असतील तर आणखी पैसे पडतील म्हणाला. ते आम्हाला नको होते. पैसे यूपीआयने पाठवताना ह्यांनी शेऱ्याच्या रकान्यात 'लॅब पिल्लू' असं लिहिलं. ह्यांना सगळीकडे शेरे लिहायची सवय आहे, मी एरवी चेष्टा करते. या दोन शब्दांनी पुढे वकिलापेक्षा जास्त काम केलं.

येताना आंबोली घाटात पिल्लू ओकलं. वळणं आहेत, गाडी लागली असेल, म्हणून आम्ही सोडून दिलं. घरी आल्यावर नुसतं झोपून होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी पेजेची निवळ पुढे केली, तिला तोंड लावलं नाही. "गो बाय, ह्या बुरणोन सकाळधरना काय खाल्ल्यान नाय," असं त्या मला दुपारी सांगत होत्या (ब्रूनो हे नाव त्यांच्या तोंडात कधीच बसलं नाही), तोवर उलट्या सुरू झाल्या होत्या. संध्याकाळी रक्ताची हगवण. तो वास ज्याने एकदा घेतलाय तो विसरत नाही. तसंच उचललं आणि कुडाळला खासगी डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी शौचाचा नमुना काडीवर घेतला, द्रावणात घोळवला आणि पट्टीवर थेंब टाकले. दोन रेघा उमटल्या. पार्व्हो, म्हणजे पिल्लांच्या आतड्यांचा विषाणूजन्य आजार. पिल्लाच्या पुढच्या पायावरचे केस कापून सलाईन लावली, रक्त तपासायला घेतलं. मग पिल्लाचा ओठ वर करून टॉर्चने दात पाहिले आणि मला म्हणाले, "दोन महिन्यांचं म्हणून दिलंय? मागच्या दाढा अजून पुऱ्या आलेल्या नाहीत. जेमतेम सहा आठवड्यांचं असेल." लसीचं कार्ड मागितलं. कार्डावर लसीच्या कुपीवरचं लेबल चिकटवलेलं होतं, शेजारी तारीख होती. डॉक्टरची सही, शिक्का, नोंदणी क्रमांक, काही नाही. ती तारीख साधारण तीन आठवड्यांपूर्वीची. डॉक्टरांनी बोटं मोजली. "म्हणजे तीन आठवड्यांचं असताना लस दिली म्हणायची. त्या वयात ही लस कोणी देत नाही. पहिली सहा ते आठ आठवड्यांना, मग सोळा आठवड्यांचं होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढच्या." कार्डाचा फोटो त्यांनीच काढायला लावला.

पार्व्होच्या विषाणूला मारणारं औषध नसतं. शरीरातलं पाणी टिकवायचं, ओकारी थांबवायची, आतड्यातून दुसरा जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून अँटिबायोटिक द्यायचं आणि पिल्लाच्या दमाची वाट बघायची. आमच्या पिल्लात दम निघाला. खर्च औषधं, सलाईन, रक्ततपासण्या धरून एकोणीस हजारांच्या घरात गेला.

या गडबडीत डॉक्टरांकडून एक कागद लिहून घेतला आणि सगळी केस त्या कागदावर उभी राहिली. पार्व्होची लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात, कधी जास्तही. याला अधिशयन काळ म्हणतात. आमच्याकडे पिल्लू आल्यावर दुसऱ्या दिवशी आजार उघड झाला. म्हणजे विषाणू पोटात शिरला तेव्हा ते विकणाऱ्याच्याच ताब्यात होतं. डॉक्टरांनी तपासणीची तारीख, पिल्लाचं अंदाजे वय, चाचणीचा निकाल, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरल्याची नोंद आणि हा अधिशयन काळाचा मुद्दा लेटरहेडवर लिहून सही-शिक्क्यानिशी दिला. पांढऱ्या पेशींचं महत्त्व मला तेव्हा समजलं नव्हतं, ते पुढे येईलच.

विकणाऱ्याला कळवलं तेव्हा आधी उत्तर आलं, "मॅडम, आमच्याकडून निघाला तेव्हा खेळत होता. तुमच्याकडची हवा दमट, त्याने झालं असेल." मग, "परत आणून द्या, दुसरं पिल्लू देतो." हे ऐकायला बरं वाटतं आणि पुष्कळजण इथे फसतात. सलाईनवरचं पिल्लू पुन्हा घाट चढवून न्यायचं, आणि ज्या जागी रोग आहे तिथलंच दुसरं आणायचं. आणून ठेवायचं कुठे? पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. फरशी असेल तर एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी करून पुसता येते. आमच्या घरापुढे शेणाने सारवलेलं खळं. शेणामातीवर ब्लीचचा जोर चालत नाही, आणि सासूबाईंच्या खळ्यात ब्लीच ओतायची माझी छाती नाही. विकणाऱ्याला नव्या पिल्लाला नकार आणि पैशांची मागणी, दोन्ही व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी कळवली. त्यानंतर तिकडून शांतता.

माझा मावसभाऊ सावंतवाडीत वकिली करतो. त्याची सगळी हयात सामायिक जमिनींच्या दाव्यांत चाललेली, त्यामुळे कुत्र्याचं ऐकून तो आधी हसला. पण दोन दिवसांनी स्वतःच फोन करून म्हणाला, "केस चांगली आहे." अमेरिकेतल्या काही राज्यांत आजारी पिल्लू विकलं तर ठरावीक मुदतीत पैसे परत किंवा उपचाराचा खर्च, असा वेगळा कायदाच आहे. आपल्याकडे तसा नाही. पण आपल्या कायद्यात पाळीव जनावर ही जंगम मालमत्ता आहे, म्हणजे विकत घेतलं की तो माल. मग 1930 चा मालविक्री कायदा लागतो आणि 2019 चा ग्राहक संरक्षण कायदाही. ब्रूनोला माल म्हणायला घरात सगळ्यांनाच जड गेलं. लेक तर दोन दिवस मामाशी बोलला नाही. पण आमचे सगळे हक्क त्यातूनच येत होते.

बिलाची काळजी करणाऱ्यांसाठी इथे थांबते. बिल नाही म्हणून तक्रार लंगडी पडते, असं आपल्याला वाटतं. 2019 च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेची जी व्याख्या आहे, तिच्यात बिल किंवा पावती न देणं हेच एक कलम आहे. सदोष माल परत न घेणं आणि पैसे न देणं हेही त्याच यादीत. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवस धरायचे. म्हणजे बिल दिलं नाही हे आपलं दुबळेपण नव्हे, ती त्याच्याविरुद्धची आणखी एक तक्रार. पैसे दिल्याचा पुरावा मात्र आपल्याकडे हवा. तो यूपीआयच्या नोंदीत होता, 'लॅब पिल्लू' या शेऱ्यासकट.

दुसरा कायदा थेट कुत्र्यांचा. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा अधिनियम आहे, त्याखाली 2017 साली कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांचे नियम आले. त्यांनुसार ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. विकण्याआधी लस आणि मायक्रोचिप हवी, आणि आजारी पिल्लू विकायचंच नाही. पुष्कळांचा घोटाळा होतो तो केनेल क्लबच्या कागदांपाशी. ते कागद म्हणजे वंशावळ. आईबाप कोण ते सांगतात. त्यांचा आणि मंडळाच्या नोंदणीचा काही संबंध नाही.

हा माणूस नोंदणीकृत आहे का, हे विचारायला मी माहितीचा अधिकार वापरला. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयाचा लागतो, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. औंधला पशुसंवर्धन आयुक्तालयाच्या पत्त्यावर पाठवला. अर्जात पसारा मांडला नाही, फक्त या नावाने, या पत्त्यावर नोंदणी आहे काय, असल्यास प्रत द्यावी, एवढंच. उत्तर आलं, अशी नोंद आढळून येत नाही. एका ओळीचं पत्र, पण सरकारी. ते तक्रारीला जोडलं.

दरम्यान वकिलाच्या सल्ल्याने रजिस्टर पोस्टाने नोटीस गेली, पंधरा दिवसांची मुदत देऊन. पोच आली, उत्तर आलं नाही. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत तिथून काम होतं म्हणतात. घरामागे पिंजरे ठेवून पिल्लं विकणाऱ्या माणसापुढे तिचा धाक फारसा चालत नाही, असं माझं मत झालं.

शेजारचे काका रोज संध्याकाळी कुंपणाशी येऊन चौकशी करायचे. "गो, कुत्र्याची केस? कोर्टात उभो करून शपथ घालतले काय तेका?" मी म्हणायची, "त्याची नाही, माझी घेतील."

तक्रार ई-जागृती पोर्टलवर दाखल केली. पूर्वी ई-दाखिल होतं, 1 जानेवारी 2025 पासून हे नवं आलं. आमच्यासारख्यांसाठी सर्वांत मोठी सोय म्हणजे जागेची. 1986 च्या जुन्या कायद्यात सामनेवाला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो, जिथे राहतो किंवा जिथे तक्रारीचं कारण घडलं तिथेच जावं लागे. आता तक्रारदार जिथे राहतो किंवा कामधंदा करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. घाट चढायचा तो त्याने. वस्तूचा मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. मुदत दोन वर्षांची आहे, पण एवढं थांबू नये. डॉक्टरांची नोंदवही, चाचणीचे फोटो, फोनमधले मेसेज, सगळं विरतं. वकील लावलाच पाहिजे असंही नाही, तक्रारदाराला स्वतः बाजू मांडता येते. मी मावसभावाला घेतलं कारण तो फी घेणार नव्हता.

कागद म्हणाल तर तक्रार, नोटरीसमोर केलेलं शपथपत्र, डॉक्टरांचा दाखला, केसपेपर, औषधांची बिलं, लसीच्या कार्डाचा फोटो, यूपीआयची नोंद, नोटीस आणि पोच, माहिती अधिकाराचं उत्तर. व्हॉट्सअ‍ॅपच्या संभाषणाचे प्रिंट काढले तेव्हा त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र जोडायला वकिलाने सांगितलं. ग्राहक आयोग पुराव्याच्या कायद्याला दिवाणी कोर्टाइतका घट्ट धरून बसत नाही, पण समोरच्याला हरकतीची फट कशाला ठेवा. मागणी तीन गोष्टींची केली: किंमत, उपचाराचा खर्च, आणि त्रासाबद्दल भरपाई. तिसरी रक्कम किती लिहायची यावर घरात बराच खल झाला. ह्यांचं म्हणणं एक लाख, वकिलाचं म्हणणं पंचवीस हजार. वकिलाचं ऐकलं. चोवीस हजारांच्या पिल्लासाठी लाखाची भरपाई मागितली की बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही वाचणाऱ्याचा विश्वास उडतो.

तक्रार दाखल करून घेतली आणि सामनेवाल्याला नोटीस निघाली. त्याला लेखी म्हणणं द्यायला तीस दिवस, फार तर आणखी पंधरा. त्यापुढे मुदत वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये स्पष्ट केलेलं आहे. ते पंधराही संपत आले तेव्हा त्याचा वकील उगवला.

ओरोसला त्या दिवशी आमच्या आधी आंब्याच्या पीकविम्याची प्रकरणं होती. बाहेर बाकावर सगळे बागायतदार, त्यामुळे मोहोर, थ्रिप्स आणि विमा कंपन्या यांवर भरपूर चर्चा ऐकली. मी कशासाठी आलेय हे कळल्यावर एकाने त्याच्या म्हशीची गोष्ट सांगितली. दुभती म्हणून विकली आणि घरी आल्यावर आटली. त्याला हे दार माहीत नव्हतं.

सामनेवाल्याच्या लेखी म्हणण्यात चार गोष्टी होत्या. विक्रीच झाली नाही, ओळखीत पिल्लू दत्तक दिलं आणि पैसे त्याच्या खाण्यापिण्याचे. व्यवहार घाटावर झाला, सबब या आयोगाला अधिकार नाही. रोग आमच्या गावच्या भटक्या कुत्र्यांपासून लागला. आणि चौथी, जी मला खरोखर हुशारीची वाटली: पिल्लाला जिवंत विषाणूची लस दिलेली होती, त्यामुळे पट्टीवर दोन रेघा आल्या, आजार पार्व्हो नव्हताच.

पहिलीला यूपीआयचा शेरा आणि त्याचाच मेसेज पुरला, "चोवीस फायनल, त्याच्या खाली परवडत नाही." दुसरीला कायद्याचं कलम. तिसरीला अधिशयन काळ. चौथीवर डॉक्टरांनी शपथपत्र दिलं. लस दिल्यावर काही दिवस अशी खोटी रेघ येऊ शकते हे खरं, पण कार्डावरची तारीख तीन आठवड्यांपूर्वीची होती. शिवाय लसीने रक्ताची हगवण लागत नाही आणि पांढऱ्या पेशी अशा कोसळत नाहीत. म्हणजे त्याने चिकटवलेल्या त्या लेबलानेच त्याचा बचाव बुडवला: तारीख खरी धरली तर रेघ लसीची नव्हे, आणि खोटी धरली तर लसच नाही. मावसभावाने हे युक्तिवादात मांडलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो सामायिक जमिनीच्या दाव्यांत कधी दिसला नव्हता.

त्यानंतरच्या तारखेला आयोगाने विचारलं, तडजोडीची शक्यता आहे का. कायद्यातही मध्यस्थीची तरतूद आहे. व्हरांड्यात दोन वकील बोलले. त्यांचा पहिला प्रस्ताव पुन्हा पिल्लाचाच, या वेळी कागदांसकट. आम्ही हात जोडले. शेवटी उपचाराचा सगळा खर्च आणि किमतीपैकी निम्मी रक्कम यावर आलं. ह्यांना ते पटेना. "निम्मी का? चूक पूर्ण त्याची." मला पटलं. निकाल लागला असता तर पंचेचाळीस दिवसांत तो राज्य आयोगाकडे अपिलात गेला असता. अपील करताना अर्धी रक्कम भरावी लागते खरी, पण आमचं वर्ष त्यात गेलं असतं. आणि ब्रूनो आमच्याकडेच राहणार होता. पूर्ण किंमत परत घ्यायची आणि कुत्राही ठेवायचा, यावर आयोगाने काय म्हटलं असतं याची मला खात्री नव्हती.

तडजोडीच्या मसुद्यात त्यांच्या वकिलाने शेवटी एक ओळ घातली होती. तक्रारदार सामनेवाल्याविरुद्ध इतर कोणत्याही प्राधिकरणाकडे केलेली तक्रार मागे घेतील. मी माहिती अधिकाराचं उत्तर जोडून राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे विनानोंदणी विक्रीची तक्रार केलेली होती, ती ही. मी म्हटलं, पैशांचा हिशेब माझा आणि त्याचा, पिंजऱ्यांचा नाही. ही ओळ राहिली तर सही करत नाही. बरीच कुजबुज झाली, बाहेर जाऊन फोन झाला, मग त्यांच्या वकिलाने ती ओळ खोडून बाजूला आपली छोटी सही केली.

रक्कम खात्यावर जमा झाल्याची खात्री करूनच आम्ही तडजोडीची पुरसिस, म्हणजे तसं लेखी निवेदन, दिली. आयोगाने तिच्या आधारे प्रकरण निकाली काढलं. मंडळाकडची तक्रार अजून चालू आहे. गेल्या आठवड्यात तिथून त्याच्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट मागवलेत, ते लेकाने काढून दिले.